तिसरा मजला गार का होईना

वर्धा रोडवरच्या एका कार्यालयात एसीची तक्रार तपासायला पहिल्यांदा गेलो तेव्हा तिसऱ्या मजल्यावर छतात बसवलेल्या कॅसेट एसीच्या बरोबर खाली कूलर चालू होता. लोखंडी, खस लावलेला, घरी असतो तसा. हॉलमध्ये वाळ्याचा वास दरवळत होता आणि वरच्या कॅसेटमधून एका टेबलावर थेंब थेंब पाणी पडत होतं. त्या टेबलावरच्या ताईंनी फायली बाजूला सरकवून तिथे स्टीलचा डबा ठेवला होता. चोवीस टनांची यंत्रणा डोक्यावर आणि पायाशी कूलर, हे दृश्य नागपुरात सुद्धा रोज दिसत नाही.

पाणी का गळत होतं ते लगेच कळलं. कूलर हवेत ओल सोडतो, कॅसेटची थंड कॉइल तीच ओल पुन्हा पाण्यात उतरवते, आणि एप्रिलच्या कोरड्या नागपुरात कधी फारसं काम न पडलेला ड्रेन पंप गोंधळतो. गार करण्याची जी काही ताकद यंत्रात उरली होती, तिच्यातली बरीच कूलरचं पाणी वाळवण्यातच खर्च होत होती. कूलर बंद करा म्हटलं तर प्रशासन सांभाळणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "तो बंद केला तर माणसं उठून जातील. तुम्ही आधी वरचं चालू करा."

इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, २०१९ मध्ये बांधून झालेली. प्रत्येक मजल्याला एक स्वतंत्र व्हीआरएफ सर्किट. गच्चीवर १४ आणि १६ हॉर्सपॉवरचे दोन आउटडोअर मॉड्यूल जोडून ३० हॉर्सपॉवर, म्हणजे साधारण ८४ किलोवॅट किंवा २४ टन. खाली मजल्यावर १४ इनडोअर. अशी चार सर्किटं, गच्चीवर एकूण आठ मॉड्यूल. ज्यांचा या यंत्राशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एका आउटडोअरमधून तांब्याच्या नळ्यांची एक जोडी निघते, वाटेत तिला फांद्या फुटत जातात, आणि प्रत्येक इनडोअरमध्ये एक इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह त्या खोलीला हवा तेवढाच गॅस आत घेतो. एकूण मागणी पाहून इन्व्हर्टर कंप्रेसर आपला वेग कमीजास्त करतो. हीच यंत्रणा उलटी फिरवली की हिवाळ्यात गरम हवाही देते, पण नागपुरात तो बटण कोणी दाबत नाही. १९८२ मध्ये जपानच्या डायकिनने हा प्रकार बाजारात आणला आणि त्याला व्हीआरव्ही नाव दिलं. ते नाव त्यांच्या मालकीचं, म्हणून बाकीच्या कंपन्या व्हीआरएफ म्हणतात. आपल्याकडे मिस्त्रीपासून मालकापर्यंत सगळे कोणत्याही कंपनीच्या यंत्राला व्हीआरव्हीच म्हणतात, तो भाग वेगळा.

तक्रार अशी: तळमजला आणि पहिला मजला ठीक. दुसरा दुपारी जरा ढिला. तिसरा मात्र दुपारी एकनंतर २९ अंशांच्या खाली यायला तयार नाही. कंट्रोलरच्या पडद्यावर एरर नाही. आठवड्यातून एकदोनदा सर्किट पूर्ण बंद पडतं, तेव्हा उच्चदाबाचा कोड येतो, रीसेट केलं की पुन्हा चालू. याला सगळ्यांनी मिळून दोन कारणं ठरवून टाकली होती. एक, तिसऱ्या मजल्यावर गच्चीचा स्लॅब तापतो. दोन, गॅस कमी होतो.

पहिलं कारण अर्धं खरं आहे. वरचा मजला तापतोच. पण तो २०२२ च्या उन्हाळ्यातही तापत होता, आणि त्या वर्षी सगळी माणसं कामावर असताना कोणाची तक्रार नव्हती. ही गोष्ट मॅडमनी बोलता बोलता सांगितली आणि मी ऐकून सोडून दिली. तिथेच थांबून "मग २०२२ नंतर काय बदललं?" असं विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

माझी दुसरी चूक वेळेची. पहिली भेट सकाळी अकराची होती. बाहेर ३८ अंश. गेज लावलं तर डिस्चार्जचा, म्हणजे कंप्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा, दाब ४७० पीएसआय. या यंत्रातल्या आर-४१०ए गॅससाठी म्हणजे ५४ अंशांच्या आसपास कंडेन्सिंग, गॅसचा द्रव होण्याचं तापमान. जरा जास्त, पण एप्रिल आहे म्हणून मान्य केलं. आउटडोअरमधून बाहेर पडणाऱ्या द्रव नळीचं तापमान ४२ अंश निघालं, म्हणजे सबकूलिंग (द्रव झाल्यावर तो आणखी किती अंश गार झाला ते) १२. मी ते वहीत लिहिलंही. पाच ते आठ अपेक्षित असताना बारा दिसलं तर कंडेन्सरमध्ये, म्हणजे आउटडोअरच्या कॉइलमध्ये, द्रव साचून बसलाय का, असा प्रश्न मनात यायला हवा. पण कॉइलवर एवढा पांढरा थर होता की माझं सगळं लक्ष तिकडे गेलं.

त्या थराची हकीकत ऐकण्यासारखी आहे. आदल्या उन्हाळ्यात इमारतीच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी स्वतःच्या बुद्धीने आउटडोअरभोवती हिरवी जाळी बांधली होती आणि तिच्यावर बोअरच्या पाण्याचे फवारे सोडले होते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आयुष्यभर कूलर दुरुस्त केलेल्या माणसाला याहून सरळ उपाय कोणता सुचणार? आणि पहिला आठवडा उपाय लागूही पडला, तिसरा मजला गार झाला. मग बोअरच्या पाण्यातले क्षार अॅल्युमिनियमच्या पात्यांवर बसू लागले. मिलिमीटर-दीड मिलिमीटर अंतरावरच्या पात्या, त्यांच्यावरचा मूळचा निळसर लेप दिसेनासा झालेला, बोट फिरवलं तर चुन्याच्या भिंतीसारखं पांढरं लागत होतं. काही ठिकाणी ब्रशने घासून पात्या आडव्या झोपलेल्या. मी "कॉइल सफाई, पात्या सरळ करणे, फवारे कायमचे बंद" असं लिहून दिलं. सफाई झाली. ॲसिड वापरू दिलं नाही, कारण क्षाराबरोबर पात्याही गेल्या असत्या, त्यामुळे सगळा थर काही निघाला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी अडीचला फोन: "सर, बंद पडलं."

या वेळी मी तीन वाजता गच्चीवर पोचलो, आणि सकाळी न दिसलेली एक गोष्ट दिसली. खरं म्हणजे दिसली सकाळीही होती, पण तिच्या सावलीत उभं राहायला मिळालं म्हणून बरं वाटलं होतं. आउटडोअरच्या डोक्यावर सोलर पॅनल होते.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये गच्चीवर ५४० वॅटचे ७४ पॅनल बसले, म्हणजे जवळपास ४० किलोवॅट. गच्चीवर जागा कमी, म्हणून लोखंडी सांगाडा उंच करून त्यातले १२ पॅनल आउटडोअरच्या वरून नेले. सोलरवाल्याच्या दृष्टीने ते यंत्र म्हणजे पाण्याच्या टाकीसारखी एक अडचण, वरून ओलांडली की झालं. मॉड्यूलची उंची एक मीटर ६६ सेंटिमीटर, खाली सहा इंचांचा ओटा, आणि पॅनलची खालची कड त्याच्यावर जेमतेम अर्धा मीटर. या मॉड्यूलचे पंखे गरम हवा सरळ वर फेकतात. डोक्यावर मोकळं आकाश आहे हे त्यांच्या सगळ्या हिशेबात गृहीत धरलेलं असतं. इथे आकाशाच्या जागी काच होती. त्यात भर म्हणजे रस्त्याच्या बाजूला शोभेसाठी उभी केलेली दहा फुटी एसीपीची (अॅल्युमिनियमच्या तक्त्यांची) भिंत आणि मागे लिफ्टची खोली. दोन बाजूंनी बंद, वरून झाकलेली अशी एक खोलीच झाली होती, आणि आत चार मॉड्यूल. दोन तिसऱ्या मजल्याचे, अगदी कोपऱ्यात. दोन दुसऱ्या मजल्याचे, अर्धे झाकलेले. तळमजला आणि पहिल्या मजल्याचे चार बाहेरच्या कडेला, मोकळ्यावर.

मजल्यांच्या तक्रारींचा क्रम आणि गच्चीवरच्या जागांचा क्रम तंतोतंत एकच होता.

सोबतच्या मुलाला खालून अगरबत्तीचा पुडा आणायला पाठवलं. कोपऱ्यातल्या मॉड्यूलच्या पंख्याच्या कडेला अगरबत्ती धरली की धूर वर उसळायचा, पॅनलच्या पोटाला आपटून पसरायचा, एसीपीच्या आतल्या बाजूने घरंगळत खाली यायचा आणि त्याच मॉड्यूलच्या कॉइलमध्ये शिरायचा. दोन सेकंदसुद्धा लागत नव्हते. मग सुतळीने तापमापकाचे सात सेन्सर बांधले. गच्चीच्या मोकळ्या कडेला, सावलीत: ४४ अंश. कोपऱ्यातल्या कॉइलमध्ये शिरणारी हवा: ५१. पंख्यातून बाहेर पडणारी: ६०. यावरून हिशेब सोपा आहे. ४४ ची ताजी हवा आणि ६० ची वापरलेली हवा मिसळून ५१ व्हायला वापरलेल्या हवेचा वाटा ४४ टक्के लागतो. म्हणजे ते यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढत होतं.

आकडे मॅडमना दाखवले. त्या हसल्या. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि नंतर हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं होतं, हे गावात अजून कोणी विसरलेलं नव्हतं. "तुमचा पण तसलाच सेन्सर नाही ना?" मी दोन सेन्सरची जागा आपसात बदलून पुन्हा दाखवलं. त्यांना ते पटलं असावं, कारण पुढचा प्रश्न थेट पैशांचा होता: "म्हणजे सोलर काढायचं म्हणता?"

एरर न येता गारवा कमी कसा होतो, हे या यंत्रांचं न उलगडणारं कोडं वाटतं, पण त्याच्या मागे साधी स्वसंरक्षणाची युक्ती आहे. उच्चदाबाचा स्विच ४ मेगापास्कलच्या सुमाराला, म्हणजे ५८० पीएसआयला, यंत्र बंद करतो. आर-४१०ए त्या दाबाला साधारण ६३ अंशांवर द्रवरूप होतो. कॉइलमध्ये ५१ अंशांची हवा येत असेल तर पूर्ण वेगाने ओकायची उष्णता त्या हवेला देता देता दाब तिथे पोचतोच. म्हणून त्याआधीच कंट्रोलर कंप्रेसरचा वेग उतरवतो. मी पाहत होतो तेव्हा दाब ५५५-५६० वर अडकून बसला होता आणि कंप्रेसरची फ्रिक्वेन्सी पायरी पायरीने खाली येत होती. हवेच्या तापमानातल्या फरकावरून काढलं तर यंत्र आपल्या क्षमतेच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास चाललं होतं. नेमकं ज्या वेळी शंभर हवेत त्या वेळी सत्तर. त्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित, म्हणून पडद्यावर काही नाही. एखादी वाऱ्याची झुळूक बंद झाली की मग तेवढंही जमत नाही, आणि कोड येतो.

हे कळलं तरी एक गोष्ट बसत नव्हती. सकाळी बाहेर ३८ असताना, आत ४१ ची हवा जात असताना, ४७० पीएसआय जास्तच होते. आणि वहीतलं ते सबकूलिंग १२. एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार असलेल्यांच्या, तंत्रज्ञाला विचारलं की आजवर गॅस किती टाकला. तो विशीतला पोरगा, कामाला चांगला. म्हणाला, "सर, दरवर्षीच टाकून राहिलो. गार नाही म्हटलं की गॅस कमीच असते ना." मॅडमच्या फायलीत बिलं सापडली. मे २०२३ मध्ये ४ किलो, मे २०२४ मध्ये ५ किलो. दोन्ही तिसऱ्या मजल्याच्या सर्किटमध्ये. दुसऱ्या मजल्यावरचे लोक कमी ओरडले म्हणून त्यांच्या वाट्याला गॅस आला नाही, आणि ते वाचले.

"गार नाही म्हणजे गॅस कमी" ही समजूत खिडकीतल्या एसीच्या आणि आर-२२ या जुन्या गॅसच्या काळातली. तिथे ठरलेल्या वेगाचा कंप्रेसर आणि एक केशनळी असायची, दाबावरून गॅसचा अंदाज यायचा. व्हीआरएफमध्ये कंप्रेसरचा वेग बदलतो, चौदा व्हॉल्व्ह आपापल्या मर्जीने उघडझाक करतात. गेजचा काटा पाहून गॅस भरणं म्हणजे वाहत्या नदीत पट्टी धरून पाऊस मोजणं. इथे एकच मार्ग: सगळा गॅस बाहेर काढा, वजन करा, आणि किती असायला हवा होता त्याच्याशी ताडून पाहा.

किती असायला हवा होता, हे सांगणारा कागद कुठे नव्हता. कारखान्यातून मॉड्यूलमध्ये भरून येतो तो गॅस पाटीवर लिहिलेला असतो, दोन्ही मिळून २२ किलो. पण साइटवर द्रव नळीच्या लांबीप्रमाणे जास्तीचा भरावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्यक्ष टाकलेल्या नळ्यांचा नकाशा लागतो. तो कोणाकडे नव्हता. मग एका रविवारी तिसऱ्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगच्या टाइल उघडल्या आणि दोन मुलांनी शिडीवरून टेप लावून नळी न् नळी मोजली. मी खाली पेन्सिल घेऊन. १९.०५ मिलिमीटरची १४ मीटर, १५.८८ ची ११, १२.७ ची ९, ९.५२ ची ६२, ६.३५ ची २०. एकूण ११६ मीटर. मीटरला अनुक्रमे ०.२६, ०.१८, ०.१२, ०.०५९ आणि ०.०२२ किलो. बेरीज १०.८ किलो. पाटीवरचे २२ धरून ३२.८ किलो.

गॅस रात्री काढला. दिवसा गच्चीवर रिकव्हरी मशीन लावलं असतं तर सिलिंडर इतका तापला असता की त्यात काही शिरलंच नसतं. रात्री नऊला सुरुवात केली तेव्हाही लादी चटके देत होती. सिलिंडर प्लास्टिकच्या टबमध्ये ठेवले, शेजारच्या रसवंतीतून बर्फाची लादी आणून फोडून टाकली. एकही सिलिंडर ऐंशी टक्क्यांच्या वर भरायचा नाही, म्हणून मध्ये मध्ये काटा पाहायचा, बदलायचा. तो एएमसीचा पोरगा रात्रभर थांबला होता. प्रत्येक सिलिंडरचं वजन तोच वाचून सांगत होता. पहाटे चारच्या सुमाराला शेवटचा आकडा आला आणि त्याने मोबाइलवर बेरीज केली: ४१.३ किलो.

पुन्हा केली. तेवढीच.

३२.८ आणि बिलातले ९ मिळून ४१.८. अर्धा किलो तेलात, नळ्यांत आणि होसमध्ये राहिला असेल असं धरा. म्हणजे २०१९ मध्ये भरलेला सगळा गॅस जागच्या जागी होता. गळती कधी नव्हतीच. दोन वर्षांत टाकलेला प्रत्येक किलो जास्तीचा होता, आणि त्या जास्तीच्या द्रवाने कंडेन्सरच्या खालच्या नळ्या भरून ठेवल्या होत्या. गॅसचा द्रव व्हायला जी जागा लागते ती द्रवानेच अडवलेली. आधीच गरम हवा, वर क्षाराचा थर, आणि आतून जागा कमी. त्या पोराने सिलिंडरवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मले कोणी सांगतलंच नाही सर, की वजन करून पाहा लागते." चूक त्याची नाही, आणि मी तसं त्याला सांगितलं. त्याला पाठवणाऱ्यांकडे वजनकाटा होता, व्हॅनमध्ये पडलेला असायचा.

पुढचं काम सरळ होतं. नायट्रोजन भरून ६०० पीएसआयला २४ तास ठेवलं, सकाळ-संध्याकाळच्या तापमानाचा फरक वजा केला तर काटा हलला नव्हता. ५०० मायक्रॉनच्या खाली व्हॅक्यूम. मग काट्यावर ठेवून, फिल्टर ड्रायरमधून, तोच गॅस परत, बरोबर ३२.८ किलो, आणि द्रवरूपातच, कारण आर-४१०ए हे दोन गॅसांचं निम्मं-निम्मं मिश्रण आहे, वायुरूपात भरलं तर ते प्रमाण बिघडू शकतं. एकूण आकडा आणि नळ्यांची लांबी ऑइलपेंटने आउटडोअरच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिली. कागद हरवतात.

गच्चीवरच्या भांडणाला मात्र तीन आठवडे लागले. माझं म्हणणं, बाराच्या बारा पॅनल हलवा. सोलरवाल्याचं म्हणणं, हमी जाईल. मालकांचं म्हणणं, पॅनल पैसे कमावतात, एसी खर्च करतो, मग हलायचं कोणी? बारा पॅनल म्हणजे साडेसहा किलोवॅट, आपल्याकडे दिवसाला साधारण पंचवीस-सव्वीस युनिट, त्यावर पाणी सोडायला कोणीच तयार होणार नाही, मीही नाही. एक मधला मार्ग मी आधी मांडून पाहिला होता: पंख्यांवर पत्र्याचे कोन बसवून गरम हवा पॅनलच्या कडेबाहेर न्यायची आणि पंख्यांची सेटिंग जास्त दाबाची करायची. अशी सोय या यंत्रांत असते. पण कोपऱ्यातून बाहेरपर्यंत डक्ट नेताना दोन वळणं येत होती, आणि तेवढा रोध पंखे पेलतील अशी खात्री मला देता येईना. शेवटी मागच्या पार्किंगच्या शेडवर बाराही पॅनल गेले. एसीपीच्या भिंतीचा खालचा चार फुटांचा पट्टा कापून तिथे मोकळी जाळी लावली, म्हणजे हवा खालून आत येईल. आर्किटेक्टला ते आवडलं नाही. रस्त्यावरून दिसत नाही, मी दोनदा खाली जाऊन पाहिलं.

त्या वर्षी मेच्या शेवटी पाऊस झाला आणि नवतपा काही तपला नाही. खरी परीक्षा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली, पाऊस दडी मारून बसला तेव्हा. दुपारी तीन वाजता मोकळ्या कडेला साडेत्रेचाळीस अंश, कोपऱ्यातल्या कॉइलपाशी पंचेचाळीस. दीड अंशाचा फरक उरला, लिफ्टच्या खोलीची भिंत काही हलवता येत नव्हती. दाब ५२० च्या आसपास, कंप्रेसर न अडखळता चाललेला. तिसऱ्या मजल्यावर २५ अंश. कूलर कोपऱ्यात, त्याच्यावर फायलींचा गठ्ठा.

साडेआठ किलो गॅस मात्र अजून एका सिलिंडरमध्ये जिन्याखाली उभा आहे, त्यावर सर्किटचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी. बिल देताना मालकांनी मला विचारलं, "हा आमचाच गॅस आहे ना? दोन वेळा पैसे मोजून घेतलेला. मग हा परत कोण घेणार?" मी एएमसीवाल्यांचा नंबर दिला.